पातळ भिंतीवरचा फळा

“ताई, या भिंतीवर फळा नका लावू. भिंत पातळ आहे. इकडची ठकठक तिकडे जाईल आणि तिकडचं सगळं इकडे येईल. मागाहून म्हणू नका, सुतारानं सांगितलं नव्हतं म्हणून!”

सुतारदादांनी दोन ओठांत खिळे धरूनच हे सांगितलं होतं. पण ताईचं लक्ष त्यांच्या बोलण्याकडे नव्हतं. ते होतं जमिनीवर पडलेल्या एका खिळ्याकडे, कारण तिचा रांगता ढब्बू त्याच खिळ्याच्या दिशेनं निघाला होता. “हो हो, लावा तिथेच,” असं म्हणत ती धावली. खिळा आणि ढब्बू तिनं दोन वेगवेगळ्या हातांनी उचलले, आणि सुतारदादांनी मान हलवून हातोडी उगारली.

मित्रांनो, अशा रीतीनं मी या स्वयंपाकघराच्या भिंतीवर आलो. मी एक जुना फळा आहे. माझा एक कोपरा झिजला आहे, चौकटीला एके ठिकाणी बुजवलेली चीर आहे आणि कितीही पुसलं तरी माझ्या अंगावर खडूचं फिकट धुकं राहतंच. पण मला त्याची लाज वाटत नाही. ज्याच्यावर कधी कोणी लिहिलंच नाही तो फळा काळाकुळकुळीत राहतो, पण त्याला सांगायला काहीच नसतं. मला मात्र खूप सांगायचं आहे.

माझा जन्म याच सुतारदादांच्या कारखान्यात झाला. तिथे दिवसभर रंध्याचा आवाज चाले आणि भुसा हवेत तरंगे. दादांनी मला कापलं, काचकागदानं गुळगुळीत होईपर्यंत घासलं आणि काळा रंग दिला. रंग वाळेपर्यंत मला एकच चिंता होती. माझ्यावर कोण लिहिणार? शाळेत गेलो तर गणितं सोसावी लागतील, दवाखान्यात गेलो तर आजारी माणसांचे नंबर. पण माझं नशीब चांगलं. मला न्यायला भट्टीकाका आले. त्यांची बेकरी होती.

बेकरीच्या दारात मी उभा असे आणि पहाटेच्या गरम ब्रेडचा वास सगळ्यांत आधी मला मिळे. भट्टीकाकांचे हात पिठानं पांढरे असायचे, त्यामुळे ते खडूनं लिहितात की बोटानं, हेच कळायचं नाही. एके दिवशी त्यांना वाटलं, आपणही इंग्रजीत पाटी लिहावी. त्यांनी माझ्यावर ठसठशीत लिहिलं, ‘न्यू ब्रेड’. मी ऐटीत उभा राहिलो.

तेवढ्यात कॉलेजला निघालेली एक मुलगी माझ्यासमोर थबकली. खांद्यावर पिशवी, कपाळावर आठी. जणू माझ्यावरून साप चालला होता.

“काका, न्यू नको. न्यू म्हणजे नवा. लोकांना वाटेल, कुठला तरी नवीनच प्रकार काढलाय. भट्टीतून आत्ता निघालेल्याला फ्रेश म्हणतात.”

“दोन्ही एकच की गं!”

“एकच कसं? तुमचा शर्ट न्यू असू शकतो, पण तो फ्रेश आहे असं म्हणेल कोणी?”

काकांनी पिठानं माखलेल्या शर्टाकडे पाहिलं आणि ते खो खो हसले. “बरं बाई, फ्रेश. आणि कालचा उरला असेल तर?”

“स्टेल.”

“ते काही मी लिहायचो नाही! धंदा बसायचा माझा.”

त्या दिवसापासून ती मुलगी रोज येताजाता माझ्याकडे बघून जाई. माझ्यावर काय लिहिलंय, बरोबर आहे ना, आणि मी दारात नीट टेकलोय ना, कोणाच्या पायावर तर पडणार नाही ना. तिला अशा सगळ्याची काळजी. मला ती आवडायची. मित्रांनो, आपल्याकडे रोज कोणीतरी नीट बघतं, याचं सुख फार मोठं असतं.

मग बेकरीवर दिव्यांची पाटी आली. ती रात्रंदिवस लखलखायची आणि तिला खडू लागत नव्हता. मला उचलून मागच्या खोलीत भट्टीच्या बाजूला ठेवलं. उष्णतेनं माझ्या चौकटीला चीर पडली. पीठ माझ्या अंगावर साचलं. किती वर्षं गेली ते मला सांगता येणार नाही, कारण तिथे दिवस दिसत नव्हता. कोणी माझी निंदा करत नव्हतं, पण कोणी माझ्याकडे बघतही नव्हतं. दुसरी गोष्ट जास्त लागते.

एक दिवस आवाज आला, “काका, तुमचा तो जुना फळा आहे का हो? टाकून दिला असेल तर राहू द्या. पण असेल तर मला द्या.”

तीच मुलगी! आता तिच्या कडेवर एक गुबगुबीत बाळ होतं, आणि कपाळावरची आठी मात्र तीच. ती घरी मुलांना इंग्रजी शिकवणार होती. काकांनी मला फडक्यानं पुसलं आणि तिच्या हवाली केलं. “घे. फ्रेश नाही राहिला आता.” ती म्हणाली, “पण स्टेलही नाही.” त्या क्षणी मी तिचा झालो.

तिनं मला आधी सुतारदादांकडे नेलं. दादांनी मला बघताच ओळखलं. “हा माझ्याच हातचा!” त्यांनी चीर भरली, नवा रंग दिला, आणि मग ते मला टांगायला घरी आले. तो पातळ भिंतीचा इशारा त्यांनी तेव्हाच दिला होता. तो ऐकला असता, तर ही गोष्ट झालीच नसती.

संध्याकाळी मुलं यायची. एका बाजूला वरण शिजल्याचा वास असो की कपड्यांच्या घडीचा ढीग, माझ्यासमोर सतरंजी पसरली की शाळा सुरू. ताईची शिकवायची एक खास पद्धत होती. ती माझ्या अंगावर मधोमध उभी रेघ मारायची आणि रेघेच्या दोन बाजूंना दोन जुळे वाटणारे शब्द लिहायची. मग मुलांनी घरातून दोन्हीकडच्या वस्तू शोधून आणायच्या किंवा दाखवायच्या. एकदा तिनं ‘टॉल’ आणि ‘हाय’ लिहिलं. आपण दोन्हीला उंच म्हणतो. मुलं बुचकळ्यात पडली. मग ताईनं ढब्बूच्या बाबांना उभं केलं.

“बाबा टॉल. कारण ते जमिनीपासून स्वतःच्या पायांवर उंच आहेत. आणि बिस्किटांचा डबा हाय. तो स्वतः एवढासाच आहे, पण उंचावर ठेवलाय.”

“का ठेवलाय?” बाबांनी विचारलं.

“तुमच्यामुळेच!” ताई म्हणाली, आणि वर्ग लोटपोट हसला.

मुलांमध्ये एक होती नाइसबाई. तिला हे नाव मुलांनीच ठेवलं होतं, कारण तिला सगळंच नाइस वाटायचं. आंबा नाइस, गणित नाइस, पडून गुडघा फुटला तरी तो पट्टीसकट नाइस. ताई म्हणायची, “अगं, एकाच शब्दाला इतकं राबवू नकोस. थकेल बिचारा.”

तर, भिंतीपलीकडे भोंगाआजी राहायच्या. एकट्या. पूर्वी बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचं काम त्यांच्याकडे होतं. स्टँडवरचा भोंगा नेहमी बंद पडायचा, आणि मग आजी खिडकीतून तोंड बाहेर काढून नुसत्या गळ्यावर घोषणा करायच्या. म्हणे शेवटच्या फलाटावर झोपलेला माणूसही उठून आपली गाडी पकडायचा. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. त्या फोनवर बोलायच्या आणि इकडे पाळण्यातला ढब्बू दचकून उठायचा. त्याला थोपटता थोपटता ताई रडकुंडीला यायची.

एका संध्याकाळी तिनं माझ्यावर ‘लाऊड’ आणि ‘नॉइझी’ लिहिलं. आदल्या दुपारी ढब्बूची झोप मोडली होती, म्हणून ती जरा चिडलेलीच होती. उदाहरण देताना तिच्या तोंडून गेलं, “जसं आपल्या शेजारच्या आजी फार नॉइझी आहेत...”

“ऐकू येतंय हो मला!” भिंतीतून आवाज आला.

सगळी मुलं गार. ताईच्या हातातला खडू खाली पडला, आणि तशातही तिनं तो ढब्बूच्या आधी उचलला. पुढच्या क्षणी दारात भोंगाआजी. हातात लाटणं, बोटांना पीठ.

“आता सांग, नॉइझी म्हणजे काय ते.”

ताईचा चेहरा लाललाल झाला होता. “म्हणजे... आजी, सॉरी... ज्या आवाजाचा त्रास होतो, जो उगाचच चालू असतो...”

“आणि ते दुसरं?”

“लाऊड म्हणजे नुसता मोठा. लांबपर्यंत ऐकू जाणारा.”

आजींनी लाटणं ताईकडे रोखलं. “मग मी लाऊड. नॉइझी तुझा मिक्सर आहे. सकाळी माझ्या उशाशी फिरतो तो.”

आधी नाइसबाई हसली, मग सगळे, आणि शेवटी ताईसुद्धा. आजी सतरंजीवर नाही बसल्या, गुडघे दुखायचे, पण स्टूल ओढून बसल्या. जाताना म्हणाल्या, “पोरी, झकास शिकवतेस. उद्यापासून मी घरूनच ऐकीन. भिंत आहेच.”

आणि तसंच झालं! शिकवणी संपली की ताई खडूनं माझ्या चौकटीवर ठकठक करायची, म्हणजे आज एवढंच. लगेच पलीकडून लाटण्याची ठकठक यायची, म्हणजे आजींनी ऐकलं. मुलं त्या ठकठकीची वाट बघत थांबायची. ती आल्याशिवाय चपला घालायची नाही, असा नियमच पडला. माझ्या पाठीला त्या धक्क्यानं गुदगुल्या होत. आयुष्यात पहिल्यांदाच मला पुढून आणि मागून, दोन्हीकडून कोणीतरी हात लावत होतं.

आजींची लेक दूरच्या शहरात होती. ती रोज फोन करायची, आणि आजी स्पीकर लावून बोलायच्या, त्यामुळे तिला मीही चांगला ओळखायला लागलो होतो.

“आई, तू एकटी आहेस. तुला काही झालं तर कळणार कोणाला?”

“अगं, मला काही झालं तर मी ओरडेन. अख्ख्या गल्लीला कळेल!”

“चेष्टा नको. माझ्याकडे ये राहायला.”

“तुझ्याकडे येऊन काय करू? तुम्ही सगळे दिवसभर बाहेर. इथे मी अलोन आहे, तिथे लोन्ली होईन. विचार शेजारच्या पोरीला, दोन्हींत फरक आहे.”

लेकीनं शेवटी एवढंच कबूल करून घेतलं की घराची एक किल्ली ताईकडे ठेवायची. आजींनी तोंड वाकडं करून ती किल्ली आणली आणि माझ्याच खिळ्यावर अडकवली. “मला साखरेचा आजार आहे, म्हणून हे सगळं,” असं त्या पुटपुटल्या. “वेळेवर खाल्लं की झालं. त्यात काय मोठंसं!”

पण काळजी हे ताईचं दुसरं नाव. एका दुपारी ती मला पुसत होती. ढब्बू झोपला होता. पुसता पुसता तिचा हात थांबला. पलीकडून रेडिओ ऐकू येत नव्हता. रोज या वेळेला तो असायचाच. तिनं माझ्यावर ठकठक केलं. उत्तर नाही. पुन्हा केलं. तिनं आधी आजींच्या लेकीला फोन लावला, मग किल्ली ओढली आणि फोन तसाच हातात धरून पळाली.

पुढचं मला भिंतीतून ऐकू आलं. सगळ्या इमारतीलाच आलं.

“नाकापुढे हात काय धरतेस गं? जिवंत आहे मी! दुपारची झोपूसुद्धा देत नाहीस? डोकं दुखत होतं म्हणून रेडिओ बंद केला, तर आली दार उघडून!”

फोनमधून लेक रडत होती. “आई, बस झालं आता. माझा जीव जायची वेळ आली. पुन्हा एकदा असा फोन आला ना, तर मी येऊन तुला घेऊनच जाईन. घराला कुलूप!”

ताई परत आली आणि तिनं किल्ली खिळ्यावर अडकवली, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळी हे कळल्यावर बाबा म्हणाले, “तू पण ना! उगाच बिचाऱ्या आजींचं घर सुटायची वेळ आणलीस.” त्यानंतर काही संध्याकाळी पलीकडून ठकठक आली नाही. मुलं चपलांपाशी थांबून थांबून गेली. मित्रांनो, तेवढे दिवस मला पुन्हा बेकरीच्या मागच्या खोलीची आठवण येत होती.

मग एक दिवस आजी स्वतःच आल्या. स्टूल ओढलं, बसल्या.

“राग गेला,” त्यांनी जाहीर केलं. “आता नवा धडा घे. शांत या अर्थाचे शब्द लिही.”

ताईनं रेघ मारून ‘क्वायट’ आणि ‘सायलेंट’ लिहिलं.

“आता एकेकानं त्या भिंतीला कान लावा. माझ्या घरात आत्ता कोणी नाही, पण मी चहा उकळायला ठेवून आलेय.” ताई ताडकन उठली, तशी आजींनी तिला हातानं बसवलं. “बारीक आचेवर! बस खाली.”

मुलांनी माझ्या दोन्ही बाजूंनी कान लावले. कोणाला चहाची बुडबुड ऐकू आली, कोणाला नळाची टपटप, कोणाला खिडकीच्या पडद्याची सळसळ. ताई एकेक गोष्ट ‘क्वायट’च्या खाली लिहीत गेली.

“बघा,” आजी म्हणाल्या, “एवढं सगळं चालू असूनही घर शांत आहे. हे तुमचं क्वायट. त्या दिवशीही माझं घर असंच होतं. पोरीनं पळत यायच्या आधी भिंतीला कान लावला असता, तर माझं घोरणं ऐकू आलं असतं.”

ताई ओशाळून हसली आणि तिनं यादीत ‘घोरणं’ लिहिलं.

“आणि सायलेंट?” नाइसबाईनं विचारलं.

ताई म्हणाली, “सायलेंट म्हणजे काहीच नाही. शुकशुकाट.”

“त्याचं उदाहरण नको,” आजी उठत म्हणाल्या. “तो आपल्याकडे नसतोच मुळी. माझा चहा उतू जाईल.”

म्हणून ‘सायलेंट’खालची जागा रिकामीच राहिली. ताईनं तो धडा पुसला नाही. वरच्या कोपऱ्यात तसाच ठेवला. त्या संध्याकाळी लाटणं इतक्या जोरात वाजलं की माझ्यावरचा खडू झडला, आणि मुलं टाळ्या वाजवत घरी गेली.

यानंतर काही दिवसांनी भोंगाआजींचा घसा बसला. साफ बसला. सकाळी त्या दारात येऊन नुसते ओठ हलवू लागल्या तेव्हा ताईला वाटलं, आपलेच कान गेले. आजींनी खाणाखुणा करून सांगितलं की वाफ घेते, बरं वाटेल. ढब्बू त्यांच्या तोंडात बोट घालून आवाज कुठे गेला ते शोधत होता.

संध्याकाळी शिकवणी झाली. ताईनं माझ्यावर ठकठक केलं.

उत्तर आलं नाही.

“आजींचा घसा बसलाय ना ताई,” नाइसबाई म्हणाली आणि चप्पल घालू लागली.

ताई खडू धरून उभीच राहिली. “घसा बसलाय,” ती हळूच म्हणाली. “हात तर नाही ना बसला?”

तिनं पुन्हा ठकठक केलं. मग खडू ठेवून तिनं माझ्या शेजारी भिंतीला कान लावला. माझ्यापेक्षा त्या भिंतीच्या जवळ कोणीच नव्हतं, म्हणून मला माहीत होतं की ती काय ऐकते आहे. बुडबुड नव्हती, सपाता नव्हत्या, भांडं नव्हतं, घोरणंही नव्हतं. दुपारपासून नव्हतं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण फळ्याला कुठे तोंड असतं?

बाबा नुकतेच घरी आले होते. “अगं, झोपल्या असतील. आजारी माणूस. मागच्या वेळचं आठवतंय ना? पुन्हा धावत गेलीस आणि लेकीला कळलं, तर आजींना हे घर सोडावं लागेल.”

ताईला ते चांगलंच आठवत होतं. तिनं माझ्या वरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. एका शब्दाखाली चहा, नळ, पडदा, घोरणं. दुसऱ्या शब्दाखाली काहीच नाही.

“मागच्या वेळी मी कान लावला नव्हता,” ती म्हणाली. “आज लावलाय. हे क्वायट नाही.”

तिनं खिळ्यावरची किल्ली काढली. लेकीला फोन लावला नाही. “ढब्बूला धरा, आणि टेबलाच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा,” एवढं जाता जाता सांगितलंच.

मुलं चपला हातात धरूनच बसली. आम्ही सगळे ऐकत होतो. कुलूप उघडलं. “आजी?” पावलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. “आजी!” मग एक दार जोरात ढकलल्याचा आवाज. मग लांबून, घराच्या पार दुसऱ्या टोकाकडून, ताईची हाक आली, “अहो, पळत या! आणि साखर आणा!” बाबांनी ढब्बूला नाइसबाईच्या मांडीवर ठेवलं आणि ते धावले.

झालं असं होतं. दुपारच्या जेवणाआधी आजी वाफेचं भांडं काढायला अडगळीच्या खोलीत गेल्या. वाऱ्यानं दार धाडकन लागलं, आणि उघडायला गेल्या तर आतली मूठच हातात निघून आली. त्यांनी तीच मूठ दारावर आपटली. पण ती खोली पार पलीकडच्या टोकाला, आणि भिंतीला गाद्या रचलेल्या. ओरडायला जावं तर गळ्यातून नुसती हवा. अख्ख्या गल्लीला ऐकू जाणारा आवाज नेमका त्याच दिवशी रजेवर गेला होता. जेवण चुकलं, साखर उतरली, अंगाला दरदरून घाम आला. ताईनं दार उघडलं तेव्हा त्या गाद्यांवर टेकून बसल्या होत्या, डोळे अर्धे मिटलेले, मूठ मुठीत घट्ट.

साखरेचं पाणी पोटात गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. ताईला जवळ ओढलं आणि कानाशी कुजबुजल्या, “आज नाकापुढे हात नाही धरलास?”

ताई रडत रडत हसली. डॉक्टर येऊन तपासून गेले आणि म्हणाले, दार वेळेत उघडलं. इकडे मुलं अजून चपला हातात धरून बसली होती. इतक्यात माझ्या पाठीला हलकेच काहीतरी लागलं. ठक... ठक. लाटणं नव्हतं ते, दाराची मूठ होती. मुलांनी असा जल्लोष केला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले.

लेकीला फोन आजींनी स्वतःच करायला लावला. “लपवायचं नाही,” त्या खुणेनं म्हणाल्या. पण फोनवर त्या बोलू लागल्या, आणि पलीकडून लेक म्हणाली, “आई, मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही!” आजींना हे आयुष्यात पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं.

लेक आली ती मोठी रिकामी बॅग घेऊनच. तिचा चेहरा ताईसारखाच होता, कपाळावरच्या आठीसकट. आजींनी काही वाद घातला नाही. फक्त तिला संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात पाठवून दिलं आणि स्वतः पलीकडे बसल्या. लेक आजींच्या स्टुलावर बसली. ताईला म्हणाली, “तुमचे उपकार मी विसरणार नाही. पण आता तिला इथे ठेवायची माझी हिंमत नाही. पुन्हा काही झालं, तर कळणार कोणाला?”

ताईनं शिकवणी संपवली आणि खडू लेकीच्या हातात दिला. “वाजवा.”

“कुठे?”

“फळ्यावर. इथे.”

लेकीनं संकोचून ठकठक केलं. क्षणभर काहीच झालं नाही. सगळी मुलं माझ्याकडे टक लावून बघत होती. आणि मग पलीकडून असा दणका बसला की माझ्या अंगावरचा सगळा खडू लेकीच्या केसांवर उडाला, आणि पाठोपाठ भिंतीतून आवाज आला. घोगरा, पण ओळखीचा.

“ऐकू आलं गं बाळा!”

लेकीनं तोंडावर हात धरला. ती रडते आहे की हसते आहे, मला कळेना. “बाई बाई,” ती शेवटी म्हणाली, “अजून तशीच नॉइझी आहे!”

“लाऊड!” सगळी मुलं एका सुरात ओरडली.

बॅग रिकामीच परत गेली. जायच्या आधी लेकीनं घरातल्या सगळ्या मुठी बदलून घेतल्या. त्या बसवायला सुतारदादा आले होते. माझ्यापाशी थांबून ते म्हणाले, “सांगितलं होतं ना ताई, भिंत पातळ आहे म्हणून?” ताई म्हणाली, “ऐकलं असतं तर पंचाईत होती, दादा.”

आता सकाळीही ठकठक होते आणि संध्याकाळीही. बाबा ताईला घाबरट म्हणायला गेले की आजी पलीकडून गरजतात, “घाबरट नाही, सावध! दोन वेगळे शब्द आहेत!” वरच्या कोपऱ्यातला तो धडा अजून तसाच आहे. फक्त ‘सायलेंट’खालची जागा आता रिकामी नाही. तिथे नाइसबाईनं, ताईला विचारून, वळणदार अक्षरात लिहिलंय, ‘जाऊन बघणे’.

मित्रांनो, माझं वय झालं आहे. मला ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्यानं पुसा. चौकटीला धरून लोंबकळू नका. एवढं केलंत तरी मी बरीच वर्षं टिकेन. पण खरं मागणं आहे ते दुसरंच. तुमच्याही भिंतीपलीकडे, जिन्याखाली, समोरच्या खिडकीत कोणीतरी राहत असेल. रोज त्यांच्याकडून काय काय ऐकू येतं, आठवून बघा. खोकला, रेडिओ, सपाता, भांडी. आज त्यातलं काय ऐकू आलं? आठवत नसेल, तर हे वाचन इथेच थांबवा. ते झोपलेले असले तर फार तर रागावतील, आणि राग जातो. मी इथेच टांगलेला आहे, कुठे जात नाही. तुम्ही आधी त्यांचं दार वाजवून या.